आधी हात, मग तेल

गॅरेजवाल्याने पॉवर स्टेअरिंगच्या बॉक्सखाली बोट फिरवलं, वास घेतला आणि निकाल दिला, "असेंब्लीच बदलून टाकू, काका. सील बदलण्यात अर्थ नाही." त्याच्या हिशोबाने तो बरोबरच होता. बॉक्स उतरवायचा, उघडायचा, धुवायचा, किट मिळेपर्यंत गाडी जागा अडवून उभी ठेवायची, आणि एवढं करून पंधरा दिवसांनी पुन्हा थेंब दिसला तर शिव्या खायच्या. नवा बॉक्स टाकला की संध्याकाळी गाडी बाहेर. हल्लीची गॅरेजं पार्ट बदलतात, दुरुस्त करत नाहीत, अशी तक्रार आपण करतो. दोन दिवसांच्या हातकामाची मजुरी ऐकली की तोंड वाकडं करणारेही आपणच.

मी तो बॉक्स घरी उघडायचं ठरवलं, त्यात काटकसर थोडी आणि खाज जास्त. माझी सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत, प्रेसच्या हायड्रॉलिक मेंटेनन्समध्ये गेली. सिलिंडर, पिस्टन, व्हॉल्व्ह आणि त्यांना जोडून येणारी सीलं, एवढंच माझं जग. पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स म्हणजे तरी दुसरं काय? एक सिलिंडर, त्यात एक पिस्टन, वर एक व्हॉल्व्ह. फक्त पिस्टनच्या पाठीवर दाते कापलेले. मात्र ज्याने जन्मात एकही ऑइल सील बसवलेलं नाही, त्याने पहिलं सील इथे बसवू नये. पाण्याच्या पंपापासून सुरुवात करावी. तिथे फसलं तर पाणी गळतं. इथे फसलं तर वळणावर गाडी वळत नाही.

गाडी जुनी, डिझेलची, लग्नाच्या वऱ्हाडापासून सिमेंटच्या पोत्यांपर्यंत सगळं वाहिलेली. कंपनीचं नाव घेत नाही. इतक्या वर्षांनी रबर कडक झालं, यात तिचा काय दोष? गळती होती सेक्टर शाफ्टच्या खालच्या सीलमधून. बॉक्समधून खाली डोकावणारा जो जाड शाफ्ट, ज्याच्या तोंडावर ड्रॉप आर्म बसतो आणि जो पुढे लिंकमार्फत चाकं वळवतो, तो हा. इंजिन चालू ठेवून मुलाला स्टेअरिंगवर बसवलं आणि मी टॉर्च घेऊन गाडीखाली पडलो. एका बाजूला वळवताना काहीच नाही. दुसऱ्या बाजूला टोकाकडे नेलं की शाफ्टच्या कडेला लाल तेलाची रेघ उमटायची, त्याने हात सैल केला की थांबायची. याचं कारण बॉक्सच्या रचनेत आहे. पिस्टनच्या दोन बाजूंना दोन कप्पे, आणि सेक्टर शाफ्ट ज्या पोकळीत बसतो ती त्यातल्या एकाच कप्प्याला जोडलेली. त्या बाजूचं वळण आलं की पंपाचा सगळा दाब या सीलच्या पाठीशी उभा राहतो. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह सुटायच्या आत तो 80 ते 100 बारच्या घरात सहज जातो. टायरमध्ये आपण हवा भरतो ती दोन-अडीच बार.

हा दाब पिस्टनवर यायचा कधी आणि किती, हे ठरवणारी वस्तू मात्र अगदी किरकोळ दिसते. बॉक्सच्या तोंडाशी, शाफ्टच्या पोटात, एक बारीक पोलादी सळी असते. टॉर्शन बार. तिचं वरचं टोक तुमच्या स्टेअरिंगकडच्या शाफ्टला पिन मारून पक्कं केलेलं, खालचं टोक वर्मला, म्हणजे पिस्टनमध्ये फिरणाऱ्या पेचदार दांड्याला. तुम्ही स्टेअरिंग वळवता, रस्त्यावरचा टायर वळायला तयार नसतो, तेव्हा मधल्यामध्ये ती सळी किंचित पिळते. त्या पिळाने व्हॉल्व्हचा आतला स्पूल बाहेरच्या स्लीव्हमध्ये काही अंश फिरतो, तेलाची एक वाट मोकळी होते, दुसरी आवळली जाते आणि तेल पिस्टनला ढकलू लागतं. पिस्टन सरकला की वर्मही फिरतो, सळीचा पीळ उतरतो, वाटा पुन्हा सारख्या होतात, मदत बंद. म्हणजे आधी हात, मग तेल. हात जितका जोर मागेल तितकाच जोर, आणि हात थांबला की तेलही थांबलं. पंपाचा पट्टा घाटात तुटला, तरी सळी ठरावीक अंशांपलीकडे पिळत नाही. पुढे लोखंडाला लोखंड टेकतं आणि गाडी वळते. जड वळते, पण वळते.

मला या यंत्रात सगळ्यात जास्त आवडतं ते हे. मदत करणाऱ्याने काम आपल्या ताब्यात घेतलेलं नाही. हल्लीच्या महागड्या गाड्या रस्त्यावरचा पट्टा ओलांडला की स्वतःच स्टेअरिंग ओढतात म्हणे. असेल ती सोय. आपल्याकडे आधी रस्त्यावर पट्टे दिसू देत.

हाताच्या मागून तेलाने मदत करायची ही कल्पना ज्याने प्रत्यक्षात आणली तो फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकन इंजिनिअर पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. ट्रकचं स्टेअरिंग किती माणसाला मोडतं, हे रोज त्याच्या डोळ्यांसमोर. नोकरी सोडून त्याने स्वतःचं काम सुरू केलं आणि 1926 मध्ये पॉवर स्टेअरिंग लावलेली गाडी चालवून दाखवली. त्याची खरी युक्ती तेल साठवून ठेवण्यात नव्हती, वाहतं ठेवण्यात होती. व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत उघडाच, तेल पंपातून निघून टाकीत परत, दाब जवळपास नाही. हात फिरला तरच वाट आवळायची. जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला आणि मंदीच्या काळात, 1934 च्या सुमारास, खर्च परवडत नाही म्हणून हात आखडता घेतला. पुढे महायुद्धात चिलखती गाड्यांना हे स्टेअरिंग लागलं. विक्रीच्या मोटारीत ते आलं 1951 मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. दाखवून झाल्यावर पंचवीस वर्षं. आपल्याकडे तर ते सर्वसामान्य गाडीत यायला त्यानंतरही कित्येक वर्षं गेली. आज पुण्याजवळ, संभाजी महाराजांची समाधी आहे त्या वढू बुद्रुकला स्टेअरिंग गिअरचा मोठा कारखाना आहे. तिकडच्या रस्त्याने जाणाऱ्या कित्येकांना त्याचा पत्ता नसतो.

माझ्या मामांना मात्र या डेव्हिसचं कौतुक नाही. मामा एसटीत ड्रायव्हर होते. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला सुटली. मामा भरती झाले तोवर एसटी चांगली पंचविशीत आली होती, पण स्टेअरिंग तेच, परातीएवढं आणि निव्वळ हाताच्या जोरावर चालणारं. भोर-महाड मार्गावर वरंधा घाटात वळण आलं की सीटवरून अर्धवट उठायचं आणि खांदा घालायचा. त्यांचा उजवा खांदा अजून पावसाळ्यात बोलतो. तरीही त्यांचं म्हणणं एकच, "रस्ता हाताला कळायचा रे. खड्डा कुठल्या चाकाखालून गेला ते मनगट सांगायचं." मी काम काढलं आहे हे कळल्यावर ते पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले आणि काम संपेपर्यंत उठले नाहीत.

बॉक्स उतरवण्यात वेळखाऊ काम एकच, ड्रॉप आर्म. तो शाफ्टच्या निमुळत्या स्प्लाइनवर बसलेला असतो आणि वर्षानुवर्षं गंजून एकजीव झालेला असतो. आधी आर्मवर आणि शाफ्टवर समोरासमोर पंचने खूण केली, कारण एक दाता इकडचा तिकडे बसला तर स्टेअरिंग सरळ आणि गाडी तिरकी. मग पुलर लावला, आवळला, आणि थांबलो. मामा म्हणाले, "आमच्या डेपोत दोन बाजूंनी दोन घण एकदम मारायचे. आर्म उडी मारून खाली."

"मामा, तुमच्या गाडीचं ठीक होतं. इथे शाफ्टच्या टोकाला घण बसला तर धक्का थेट आतल्या छर्ऱ्यांवर जातो. खोबणीत खड्डे पडतात."

"बरं बाबा. पुलर तर पुलर."

गॅसने तापवणं तर त्याहून वाईट. सील जातंच, आर्मच्या पोलादाचं पाणीही उतरतं. पुलर आवळून ठेवला, कडेने गंज सोडवणारं तेल सोडलं, चहा घेतला, परत थोडा आवळला. आर्म सुटला तेव्हा असा आवाज झाला की शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी डोकावलं.

उघडण्याआधी बॉक्स बाहेरून धुवायचा, आणि तो दिसेल त्याहून जास्त धुवायचा. डिझेल, वायर ब्रश, पुन्हा डिझेल. या बॉक्सला सगळ्यात मोठा धोका धुळीचा. व्हॉल्व्हच्या स्पूल आणि स्लीव्हमध्ये जी फट असते ती मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. ती जोडी कारखान्यात एकमेकांसाठी निवडून लावलेली असते, एकाचा स्पूल दुसऱ्यात चालत नाही. म्हणून पुसायला कॉटन वेस्ट घेतलं नाही, त्याचे धागे सुटतात. मामांचं एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर फाडलं. त्याला मात्र त्यांची हरकत नव्हती.

शाफ्ट मधोमध आणून वरच्या झाकणाचे बोल्ट काढले. सेक्टर शाफ्ट सरळ वर निघतो तो याच एका स्थितीत, कारण त्याचे दाते नेमके झाकणाच्या तोंडातून बाहेर पडतात. मग वर्म, व्हॉल्व्ह आणि पिस्टन हे सगळं एकत्र बाहेर आलं. इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. ते जरा उभं धरलं की पिस्टन आपल्याच वजनाने वर्मवरून गरगरत खाली येऊ लागतो. हाताला कसलाच अडथळा लागत नाही. वर्म आणि पिस्टन यांच्यात दाता दात्यावर घासतच नाही. मधल्या गोल खोबणीतून छर्रे पळतात, एका टोकाला नळीत शिरतात आणि फिरून पहिल्या टोकाला परत येतात. पिस्टन फार खाली जाऊ दिला तर सगळे छर्रे फरशीवर. तळहाताचा टेकू देऊनच ते धरावं लागतं.

छर्ऱ्यांची एक गंमत जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाच्या जुन्या बॉक्समध्ये आहे. त्यात ते एकाआड एक काळे आणि चकचकीत असतात, आणि काळे इंचाच्या दहा हजारांतल्या पाच भागांनी लहान. शेजारचे दोन छर्रे एकाच दिशेने फिरत असतील तर जिथे ते एकमेकांना टेकतात तिथे पृष्ठभाग उलटसुलट घासतात. मध्ये एक जरा लहान घातला की भार मोठ्यांवर आणि लहान तो मोकळा, वाटेल तसा उलटा फिरणारा. ज्याच्या डोक्यात हे पहिल्यांदा आलं त्याला माझा नमस्कार. माझ्या बॉक्समधले छर्रे सगळे एकाच रंगाचे. फिरवताना कुठे खडबड लागली नाही, म्हणून मी ते उघडलेच नाहीत. चांगलं चाललेलं केवळ बघायला म्हणून उघडू नये, हे नोकरीत पहिल्या वर्षी शिकवतात.

सीलचं किट नाना पेठेत मिळालं. दुकानदाराने जुना शाफ्ट मागितला, कॅलिपर लावला आणि मगच किट दिलं. हे चांगलं लक्षण. नुसतं गाडीचं नाव ऐकून हातात पाकीट देणाऱ्याकडून सीलं घेऊ नयेत.

किटमध्ये टेफ्लॉनच्या रिंगा असतात, व्हॉल्व्हच्या स्लीव्हवर बसणाऱ्या. टेफ्लॉन रबरासारखं ताणत नाही. जोर केला तर लांबतं आणि लांबलेलंच राहतं. म्हणून रिंगा गरम पाण्यात टाकायच्या, नरम झाल्या की शंकूच्या आधाराने सरकवत खोबणीत उतरवायच्या, आणि मग उलट काम, पट्टी गुंडाळून हलकेच आवळून पुन्हा मूळ मापावर आणायच्या. हे सगळं स्वयंपाकघरात गॅसजवळ चाललं होतं. बायको दारात उभी राहून बघत होती. "ते पातेलं आता दुधाला वापरायचं नाही," एवढंच ती म्हणाली, आणि त्यावर खडूने फुली मारली. ते पातेलं आता माझ्या हत्यारांच्या कपाटात असतं.

खरी भानगड निघाली सेक्टर शाफ्टवर. सील जिथे टेकतं तिथे नखाला लागेल अशी बारीक चर आणि शेजारी गंजाचे टिपके. उलगडा झाला तो असा. सगळ्यात बाहेरचं धुळीचं रबर आधी फाटलं होतं. तिथून चिखलाचं पाणी शिरलं, शाफ्टला गंज चढला, आणि त्या गंजाने आतल्या सीलचा ओठ खाल्ला. तेलाच्या दाबाने काही बिघडलं नव्हतं. बाहेरून आलेल्या पाण्याने आतलं घर फोडलं. गॅरेजमध्ये कितीही भारी सील बसवलं असतं, तरी या चरीवर ते टिकलं नसतं. असेंब्ली बदला म्हणणाऱ्याला कदाचित हे न बघताच अनुभवाने माहीत होतं.

अशा शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवता येते. दुसरा उपाय आमच्या शॉपमधला जुना. सीलच्या घरात थोडी जागा असेल तर नवं सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवायचं, म्हणजे ओठ चर सोडून शेजारच्या कोऱ्या पोलादावर येतो. जागा होती. टिपके अगदी बारीक एमरीने काढले, पण फक्त गोलाकार घासून. लांबीच्या दिशेने ओरखडा पडला की तो तेलाला बाहेर जायची पायवाट करून देतो. मग स्प्लाइनवर टेप गुंडाळली, नाहीतर नवा ओठ आत शिरतानाच त्या धारांवर चिरतो. सीलला आतून तेलही लावलं. ऑइल सीलबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो की ते शाफ्टला कोरडं घट्ट धरतं. तसं धरलं तर ते पहिल्याच दिवशी जळेल. ओठ आणि शाफ्ट यांच्यात तेलाचा एक अगदी पातळ थर लागतोच. सीलने तो ठेवायचा आणि त्यापुढचं थोपवायचं.

सगळं परत बसवून झाल्यावर उरतो तो वरचा एक स्क्रू, ज्याच्यामुळे आपल्या रस्त्यांवरच्या निम्म्या जुन्या गाड्या वाकड्या चालतात असं माझं मत आहे. सेक्टर शाफ्टचे दाते सगळे सारखे नसतात. मधला दाता असा कापलेला असतो की गाडी सरळ असताना पकड सगळ्यात घट्ट आणि दोन्हीकडे वळवत नेलं की थोडी सैल. कारण आपण नव्वद टक्के वेळ सरळ जातो आणि स्टेअरिंगला खेळ नको असतो तोही तिथेच. स्क्रू आवळला की ही मधली पकड वाढते. ती किती वाढवायची? जुन्या सॅगिनॉच्या पुस्तकात मधल्या जागी वाढणारा विरोध 4 ते 8 इंच-पाउंड सांगितलेला आहे. मनगट हलवायच्याही लायकीचा नाही. त्यासाठी बारीक मापाचा टॉर्क पाना लागतो.

रस्त्याकडेला मात्र याचं मोजमाप असतं गिऱ्हाईकाचा चेहरा. "स्टेअरिंगला प्ले आहे" म्हटलं की बॉनेट वर, पाना, स्क्रू पाव फेरा, "आता बघा". प्ले गेलेला असतो. तो बॉल जॉइंटमध्ये होता की लिंकमध्ये, हे बघायला कुणी खाली वाकत नाही. आणि वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ यायचं बंद होतं, प्रत्येक वळणावर ते ओढून परत आणावं लागतं. गाडी एका बाजूला ओढते म्हणून मग अलाइनमेंट करतात. अलाइनमेंटमध्ये काही सापडत नाही. मधला दाता मात्र झिजत राहतो.

मी पुस्तकातल्या आकड्यापर्यंत आणला, चेक नट आवळला, पुन्हा मोजला. चेक नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच.

तेल भरणं सोपं, हवा काढणं चिकाटीचं. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून मुलगा स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत होता आणि मी टाकीत लाल तेल ओतत होतो. आधी फेस, मग बुडबुडे, मग एकेक बुडबुडा, मग काही नाही. त्यानंतरच इंजिन चालू केलं. घाई करून आधीच इंजिन चालू केलं की पंप त्या हवेचं दूध करतो आणि मग ते बसायची वाट बघत बसायची.

खालून पाहिलं. त्या बाजूला टोकापर्यंत नेलं. कोरडं.

पुढच्या रविवारी भोरपर्यंत गेलो. परतीच्या वाटेवर मामा म्हणाले, "दे." मी बाजूला झालो. पहिल्याच वळणावर त्यांनी स्टेअरिंग वळवलं आणि बाहेर पडताना दोन्ही तळवे नुसते सैल ठेवले. स्टेअरिंग त्यांच्या हातातून सरकत सरळ झालं.

"येतंय परत," ते म्हणाले. मामांच्या तोंडून ही मोठी पावती. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हलकं फार आहे. झोप येईल माणसाला."

"मामा, आणि रस्ता? कळतोय का हाताला?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. एका खराब पट्ट्यावर गाडी जरा खडखडली तशी त्यांनी मान तिरकी केली, तो पट्टा संपेपर्यंत वेग कमी ठेवला, आणि म्हणाले, "डावीकडचा टाय रॉडचा बॉल जॉइंट बघ. वाजतोय. म्हणजे आवाज नाही, पण येतंय काहीतरी वर."

घरी आल्यावर डावं चाक उचलून हलवलं. बोटाला जेमतेम लागेल एवढा खेळ होता. सोमवारी पुन्हा नाना पेठ. नवा जॉइंट बसवून मात्र त्याच गॅरेजवाल्याकडून घेतला, अलाइनमेंटचं मशीन त्याच्याकडे आहे. गाडी पिटवर घेतल्यावर त्याने बॉक्सखाली बोट फिरवलं, बोट कोरडं बघितलं, आणि विचारलं, "काका, असेंब्ली कुठून आणली?"